1820 च्या दशकातला स्कॉटिश सॅम्पलर: भरणारी कोण, आणि ही आद्याक्षरं कुणाची?

सुतावरून_स्वर्ग

नमस्कार मंडळी,

भरतकाम जाणणारे आणि जुन्या नोंदी उकरणारे, दोन्ही प्रकारचे लोक इथे आहेत म्हणून विचारते.

माझी आत्या बरीच वर्षं स्कॉटलंडमध्ये, फाइफ परगण्यात नर्स होती. ती निवृत्त झाली तेव्हा तिच्या घरमालकिणीनं तिला आपल्या भिंतीवरचा एक जुना सॅम्पलर, म्हणजे मुलीनं शिकताना भरलेला भरतकामाचा नमुना, फ्रेमसकट दिला. "आमच्या घराण्यातला नाही, माझ्या आईनं कुठूनसा घेतला होता," एवढंच ती म्हणाली होती. आत्या गेली आणि फ्रेम माझ्याकडे आली. तिच्या कागदपत्रांत याबद्दल चिठ्ठीचपाटी काही नाही.

वर्णन करते. लिननचा कपडा, साधारण 43 सेंटिमीटर उंच आणि 32 रुंद, आता चहाच्या रंगावर गेलेला. काम रेशमी धाग्याचं, बहुतेक सगळं क्रॉस स्टिचमध्ये, इतकं बारीक की एक अख्खं अक्षर माझ्या करंगळीच्या नखाखाली मावतं. चहूबाजूंनी स्ट्रॉबेरीच्या वेलीची किनार. वर इंग्रजी मुळाक्षरं तीन वळणांत: एक साधं, एक तिरकं, एक भलतंच नक्षीदार. तिन्हींत जे आणि यू ही अक्षरं नाहीत. खाली लाल छपराचं मोठं घर, पण खिडक्या रिकाम्या. घराच्या दोन्ही अंगांना झाडं, आणि ती चक्क निळी. पिसारा फुलवलेले दोन मोर. झाडाला विळखा घातलेला साप आणि त्याच्या दोन बाजूंना आदम आणि ईव्ह, दोघंही सारखेच ठोकळे.

मधल्या पट्ट्यात नुसत्या अक्षरांच्या जोड्या आहेत, एक लाल, एक हिरवी अशा:

पहिली ओळ, मोठी अक्षरं, वर मुकुट: डी एम, आय बी.
दुसरी ओळ: ए एम, एम के, आर बी, ई एल.
तिसरी ओळ: ए एम, ई एम, आर एम, एम एम, मग एका जोडीएवढी मोकळी जागा, मग डी एम. ही शेवटची जोडी किनारीला अगदी खेटून आहे.

तळाशी भरणारीचं पूर्ण नाव आहे. पहिलं नाव मार्गारेट, आडनाव एम वरून सुरू होणारं. ते इथे लिहीत नाही, कुणाच्या तरी घरचा मामला आहे. पुढे 'वय 11' आणि साल. सालातले पहिले तीन आकडे 182 असे स्वच्छ दिसतात. चौथ्याच्या जागी फक्त भोकं.

माझे प्रश्न: ही मार्गारेट कोण होती हे शोधता येईल का? अक्षरांच्या जोड्या म्हणजे वर्गमैत्रिणी असाव्यात का? मोर, साप, घर यांचा अर्थ काय? आणि झाडं निळी का?

---

दुसुती

किती सुंदर! मी स्वतः दुसुतीवर भरते, त्यामुळे तीन वळणांची मुळाक्षरं वाचूनच हात शिवशिवले.

अर्थांबद्दल वाचलं आहे ते असं: मोर म्हणजे अमरत्व, कारण त्याचं मांस सडत नाही अशी जुनी ख्रिस्ती समजूत होती. आदम-ईव्ह म्हणजे पाप आणि आज्ञाभंग. घर म्हणजे सुखी संसाराचं स्वप्न. स्ट्रॉबेरी म्हणजे पावित्र्य, बहुधा. सालाचा शेवटचा आकडा तिनं स्वतः मोठेपणी उसवला असेल. वय लपवायला बायका असं करायच्या, हे मी बऱ्याच ठिकाणी वाचलं आहे.

---

जुनेर

माझी नोकरीची वर्षं जुन्या कापडांच्या संवर्धनात गेली. म्हणून जरा सविस्तर लिहिते, आणि दुसुतीताई, रागावू नका, तुमची यादी मी बाजूला ठेवणार आहे.

अकरा वर्षांच्या मुलीसमोर शिक्षिकेनं नमुना ठेवला आणि तिनं कापडाच्या विणीची घरं मोजून तो उतरवला. मोर का, साप का, हे तिला कुणी विचारलं नाही. आदम-ईव्हची गोष्ट तिला ठाऊक होतीच, तेव्हा सगळ्या मुलींना ठाऊक होती, आणि म्हणूनच त्यातून या मुलीबद्दल काही कळत नाही. चित्रांचा उपयोग वेगळा आहे. मोराच्या पिसाऱ्यात किती पिसं, तुरा कसा, वेल कोपऱ्यावर कशी वळते, आदमच्या हातात काय, हे नीट टिपून ठेवा. हाच मोर, हीच किनार, हाच नक्षीदार ए दुसऱ्या कुठल्या सॅम्पलरवर सापडला, तर शिकवणारी एकच असण्याची शक्यता मोठी. एडिंबऱ्याचं नॅशनल म्युझियम ऑफ स्कॉटलंड, लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, केंब्रिजचं फिट्झविल्यम यांच्या संग्रहांतले बरेच सॅम्पलर फोटोंसकट ऑनलाइन बघता येतात. तिथे मोर जुळवत बसा. कंटाळवाणं काम आहे, पण शाळेपर्यंत पोचायचा हाच रस्ता.

आता अक्षरं. सॅम्पलर स्कॉटिश आहे हे तुम्ही फाइफचं नाव घेतलं नसतंत तरी मी म्हटलं असतं. नक्षीदार मुळाक्षरं, लाल-हिरव्याची आलटापालट, पिसारा फुलवलेला मोर, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे घरच्या माणसांची आद्याक्षरं. वर्गमैत्रिणी नव्हेत. स्कॉटलंडमध्ये लग्न झालं तरी बाईचं माहेरचं आडनाव नोंदींत, थडग्यावर, सगळीकडे टिकायचं. म्हणून आई-वडिलांच्या जोडीत आडनावाची अक्षरं वेगळी दिसतात. मुकुटाखालचे डी एम म्हणजे वडील, आय बी म्हणजे आई. दुसऱ्या ओळीत ए एम आणि एम के हे वडिलांचे आई-वडील, आर बी आणि ई एल हे आईचे. तिसऱ्या ओळीत सगळे एम वाले, म्हणजे भावंडं. त्यांतली एम एम ही तुमची मार्गारेट.

घरच्यांची नोंद सुईनं ठेवणं तेव्हाही जुनंच होतं. ब्रिटनमधला साल घातलेला सर्वांत जुना ज्ञात सॅम्पलर जेन बॉस्टॉकचा, 1598 सालचा. तो व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये आहे, आणि त्यावर ॲलिस ली नावाच्या मुलीचा 1596 मधला जन्म भरलेला आहे.

एक खाच लक्षात ठेवा. जे आणि यू नाहीत हा तिचा विसरभोळेपणा नाही. जुन्या मुळाक्षरांत आय आणि जे एकच, यू आणि व्ही एकच धरायचे. सुईकामात ही पद्धत फार काळ टिकली. म्हणजे आईचं 'आय' हे इझाबेल असेल तसंच जीन किंवा जॅनेटही असू शकेल. शोधताना दोन्ही धरा, नाहीतर खरी नोंद डोळ्यांसमोरून जाईल.

आता मला खरी उत्सुकता आहे ती रिकाम्या जागांची. तुमच्याकडे तीन आहेत: सालाचा आकडा, तिसऱ्या ओळीतली जोडी, आणि खिडक्या. धागा जाण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाची खूण वेगळी राहते.

उसवलेला असेल तर भोकं स्वच्छ असतात, मागेही धागा नसतो, फार तर शेजारच्या टाक्याखाली कापलेलं टोक सापडतं. कसर लागली असेल तर कुरतडलेलं वेडंवाकडं दिसतं आणि शेजारचे टाकेही वाचत नाहीत. कसर रेशीम-लोकर खाते, लिनन सोडून देते. तिसरं कारण काळा धागा. त्या काळी काळा रंग लोहाचा क्षार आणि टॅनिन एकत्र आणून चढवायचे. त्यातलं लोह पुढची शे-दीडशे वर्षं रेशमाला आतून खात राहतं. धागा ठिसूळ होतो, भुगा होऊन गळतो. तेव्हा भोकांच्या कडांवर तपकिरी डाग आणि मागच्या बाजूला काळे-तपकिरी खुंट राहतात. खिडक्या रिकाम्या आहेत म्हटलंत तिथेच माझे कान टवकारले. खिडक्या सहसा काळ्या भरत.

स्कॉटिश सॅम्पलरांत गेलेल्या माणसांची आद्याक्षरं काळ्यानं भरलेली आढळतात. बाकी सगळ्या जोड्या लाल-हिरव्या आणि एकच काळी असेल, तर त्या मोकळ्या जागेत कोण होतं याचा अंदाज तुम्हीच करा. मात्र आधी खुंट बघा, मग अंदाज.

निळ्या झाडांचं उत्तर सोपं आहे. हिरवा रंग तेव्हा निळीवर पिवळा चढवून करत. पिवळा उजेडात उडतो, नीळ टिकते. मागची बाजू पाहिलीत तर झाडं हिरवीच असतील.

फ्रेम उघडायची तर सावकाश. मागचे खिळे गंजलेले असतील, ते ओढू नका, वाकवून सोडवा. कापड पुठ्ठ्याला चिकटवलेलं दिसलं तर तिथेच थांबा आणि संवर्धकाकडे न्या. लाकडी पट्ट्यांवर शिवून ताणलेलं असेल तर शिवण सोडू नका, मागून जेवढं दिसतं तेवढं पुरे. फोटो दोन प्रकारे घ्या: एक कडेनं तिरपा प्रकाश टाकून, म्हणजे भोकांच्या कडा उठून दिसतील, आणि एक मागून मंद उजेड धरून. धुण्याचा विचारही नको. पाण्यानं लाल फुटला तर जन्मभर हळहळाल.

---

वंशावळवेडा

जुनेरताईंनी अर्धं काम केलं. तिसऱ्या ओळीकडे पुन्हा बघा, फार मौज आहे.

स्कॉटलंडमध्ये नावं ठेवायचा एक रिवाज होता. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, तिसऱ्याला वडिलांचं स्वतःचं. पहिल्या मुलीला आईच्या आईचं, दुसरीला वडिलांच्या आईचं, तिसरीला आईचं. सगळेच पाळत असं नाही, पण पाळणारे फार.

आता लावून बघा. आजोबा ए, म्हणून थोरला ए एम. आईची आई ई, म्हणून थोरली मुलगी ई एम. आईचे वडील आर, म्हणून दुसरा मुलगा आर एम. वडिलांची आई एम, म्हणून दुसरी मुलगी एम एम, म्हणजे मार्गारेट, आजीच्या नावाची. शेवटचा डी एम तिसरा मुलगा, बापाच्या नावाचा. मधल्या मोकळ्या जागेत मुलगी असेल तर रिवाजाप्रमाणे ती आईच्या नावाची, म्हणजे आय एम. भोकं वाचून सांगा, माझी पैज आय वर.

नोंदींचं सांगतो. सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी इंग्लंड-वेल्समध्ये 1 जुलै 1837 ला आली, स्कॉटलंडमध्ये 1 जानेवारी 1855 ला. मार्गारेटचा जन्म त्याच्या बराच आधीचा, त्यामुळे मदार चर्चच्या बाप्तिस्मा नोंदवह्यांवर. त्या 'स्कॉटलंड्सपीपल' या सरकारी संकेतस्थळावर आहेत. नाव नोंदवलं की सूची फुकट शोधता येते, मूळ पानाच्या प्रतिमेला पैसे पडतात. 'फॅमिलीसर्च'वरही बाप्तिस्म्यांची सूची फुकट आहे आणि तिच्यात आई-वडिलांच्या नावांवरून शोधता येतं. मी नेहमी आधी तिथे जातो, मग पैसे मोजतो.

पण उलट्या बाजूनंही या. 1855 नंतर ती वारली असेल तर काम सोपं. स्कॉटिश मृत्यूनोंदीत वडिलांचं नाव आणि आईचं माहेरच्या आडनावासकट नाव लिहायची पद्धत आहे, आणि लग्न झालेल्या बाईची नोंद सूचीत माहेर आणि सासर दोन्ही आडनावांखाली सापडते. माहेरच्या आडनावाखाली 'मार्गारेट' शोधा आणि नोंदीतला बाप डी, आई बी वाली निघते का बघा. आपल्याकडे खापरपणजीचं माहेर विचारलं तर घरात शांतता पसरते, इथे ते सरकारी कागदावर आयतं मिळतं.

1841 ची जनगणना वापराल तर वयावर विश्वास ठेवू नका. पंधराच्या पुढची वयं बहुतेक ठिकाणी खालच्या पाचाच्या पटीत लिहिली आहेत. 28 ची बाई तिथे 25 ची दिसेल. 1851 मध्ये वय नीट आहे, शिवाय जन्माचा पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला भाग) आणि कुटुंबप्रमुखाशी नातंही.

आणि तिच्या आई-वडिलांचे स्वतःचे बाप्तिस्मे सापडले नाहीत तर हिरमुसू नका. 1783 ते 1794 या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता, तो चुकवायला पुष्कळांनी नोंदच केली नाही.

---

दुसुती

रागावले नाही, पण इतक्या सहज माघारही घेणार नाही :)

सगळ्याच मुलींनी मुकाट्यानं घरं मोजली असं कसं म्हणता? व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्येच एलिझाबेथ पार्करचा सॅम्पलर आहे, साधारण 1830 चा. त्यावर मोर नाही, किनार नाही, काही नाही. लाल रेशमात ओळींमागून ओळी नुसता मजकूर. 'मला लिहिता येत नाही' अशी सुरुवात करून तिनं आपल्यावर नोकरीत झालेला अत्याचार, मनात आलेला आत्महत्येचा विचार, सगळं त्यात ओतलं आहे, आणि मजकूर वाक्याच्या मध्येच तुटतो. तोही क्रॉस स्टिचच.

---

जुनेर

पार्करबद्दल दुमत नाही. पण ती बोलली ती शब्दांतून, मोरातून नव्हे. मी तेच म्हणते आहे: या मुलीला स्वतःचं सांगायची जी जागा मिळाली ती अक्षरांच्या पट्ट्यात. तिथे कोण आधी, कोण मुकुटाखाली, कुणाला कुठला रंग, हे शिक्षिका ठरवू शकत नव्हती. घरची माहिती मुलीकडेच होती.

वय लपवायला आकडा उसवल्याचं तुम्ही लिहिलंत ते मात्र शक्य आहे. उसवलेले आकडे मी हाताळले आहेत. कुणी उसवला आणि का, हे कापड सांगत नाही.

---

सुतावरून_स्वर्ग

मंडळी, फ्रेम उघडली. नशिबानं कापड लाकडी पट्ट्यांवर शिवलेलं निघालं, चिकटवलेलं नाही. शिवण तशीच ठेवली आहे.

झाडं मागून गर्द हिरवी आहेत! आदम-ईव्हच्या झाडाखालचं गवत पुढून करडं दिसायचं, तेही मागून पोपटी निघालं. त्या रंगांकडे बघत बराच वेळ नुसतीच बसले.

आकडा: भोकं अगदी स्वच्छ, मागे काहीच नाही, फक्त शेजारच्या 2 च्या टाक्याखाली कापलेलं एक टोक अडकलं आहे. म्हणजे उसवलेला. मागून टॉर्चचा उजेड धरून फोटो काढला आणि भोकं कागदावर चौकटी आखून उतरवली. एक उभी सरळ रेघ, तिच्या डाव्या अंगाला उतरती तिरकी, आणि खालच्या तिसऱ्या भागात एक आडवी. 4 शिवाय दुसरं काही होत नाही. 1824.

खिडक्या: प्रत्येक भोकाभोवती तपकिरी वर्तुळ, मागे काळपट खुंट. बोटानं नव्हे, नुसत्या श्वासानंही त्यातला कण हलतो, म्हणून नाकावर रुमाल बांधून बघितलं.

आणि तिसऱ्या ओळीतली मोकळी जागा: तेच तपकिरी, तेच खुंट. पट्ट्यातल्या बाकी एकाही जोडीत नाही. पहिलं अक्षर म्हणजे नुसती उभी रेघ, मधोमध एक छोटी आडवी. दुसरं एम. वंशावळवेडा, पैज जिंकलात.

आणखी एक. शेवटच्या डी एम चा लाल मागून बघितला तर बाकीच्या लालापेक्षा वेगळा आहे, जरा नारिंगीकडे झुकणारा. आणि त्या जोडीसाठी किनारीतलं एक पान अर्धंच भरलं आहे. म्हणजे किनार झाली नव्हती तेव्हाच जागा करून दिली असं वाटतं.

फ्रेमच्या मागे फ्रेमवाल्याची चिठ्ठीही मिळाली, एडिंबऱ्याचा पत्ता आहे. याचा काही उपयोग?

---

वंशावळवेडा

चिठ्ठीचा उपयोग आहे, पण फ्रेमचा काळ कळण्यापुरता. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडनं जुन्या पोस्ट ऑफिस डिरेक्टरी, म्हणजे नावा-पत्त्यांच्या छापील याद्या, स्कॅन करून फुकट ठेवल्या आहेत, 1773 पासून 1911 पर्यंतच्या. त्यांत दुकानदाराचं नाव वर्षावर्षानं शोधा. त्या पत्त्यावर तो कधी ते कधी होता एवढं कळेल. मात्र एडिंबऱ्यात फ्रेम झाली म्हणून मुलगी एडिंबऱ्याची असं धरू नका.

'आय' च्या मधोमधची छोटी आडवी रेघ आईच्या आय बी मध्येही आहे का?

---

सुतावरून_स्वर्ग

आहे. दोन्हीकडे तशीच. आईच्या नावाची लेक.

फ्रेमवाला 1880 च्या दशकातल्या डिरेक्टरींत त्या पत्त्यावर सापडला, आधी दुसऱ्याच रस्त्यावर होता. म्हणजे साठेक वर्षं सॅम्पलर बिनफ्रेमचा, किंवा वेगळ्या फ्रेममध्ये.

---

जुनेर

डी एम बद्दल तुमचं निरीक्षण फार चांगलं आहे. माझं वाचन असं: पट्टा भरून झाला, किनार कोपऱ्याकडे निघाली होती, आणि घरात मूल जन्मलं. आधीचा लाल संपला होता, म्हणून दुसऱ्या लडीतला घेतला. असा सॅम्पलर दिवसाकाठी थोडाथोडा, कित्येक महिने चालायचा, त्यामुळे हे अगदी शक्य आहे. तसं असेल तर धाकट्या डी चा बाप्तिस्मा 1823-24 च्या आसपास पडायला हवा. वंशावळवेड्यांना एक पक्की खुंटी मिळाली.

काळ्या जोडीबद्दल थोडं सावध. खुंटांवरून ती काळी होती एवढं सिद्ध झालं. बहीण वारली होती हे अजून कागदावर दिसायचं आहे.

पुन्हा बंद करताना जुना लाकडी बोर्ड वापरू नका, त्यातल्या आम्लानं कापड तांबूस होतं. आम्लरहित बोर्ड घ्या, आणि कापड काचेला टेकू देऊ नका. भिंतीवर लावणारच असाल तर उन्हाचा कवडसा कधीच येत नाही अशा जागी. संग्रहालयात अशा कापडांना 50 लक्सच्या वर उजेड देत नाहीत. घरी ते मोजायची गरज नाही, भिंत अंधारी निवडा म्हणजे झालं.

---

सुतावरून_स्वर्ग

शोधाचा हालहवाल. 1824 ला वय 11, म्हणून 1812 ते 1814 एवढेच बाप्तिस्मे फाइफमध्ये शोधले. त्या आडनावाच्या मार्गारेट पुष्कळ आहेत, पण बाप डी आणि आई बी वाली, अशा दोनच उरल्या. एकीचा बाप डेव्हिड, आई जीन. दुसरीचा बापही डेव्हिडच, आई इझाबेल. पॅरिश वेगवेगळे, एकमेकांना लागून. तुम्ही आय-जे चं सांगितलं नसतंत तर जीनवालीला मी तिथेच सोडून दिलं असतं.

भावंडं लावून बघितली. जीनच्या घरी ए, ई, आर, मार्गारेट, मग जीन, आणि 1823 च्या शेवटी डेव्हिड. क्रम बरोबर जुळतो. इझाबेलच्या घरी ए आणि आर सापडले, थोरली ई नाही, डेव्हिड 1821 चा, पण त्या नोंदवहीत मधली काही वर्षंच गायब आहेत. त्यामुळे ती बाद झाली असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

धाकट्या जीनचा मृत्यू कुठे शोधू? दफनाच्या सूचीत त्या पॅरिशचं काहीच येत नाही.

---

वंशावळवेडा

येणारही नाही कदाचित. स्कॉटलंडमध्ये 1855 पूर्वीच्या दफननोंदी फार त्रोटक आहेत, कित्येक पॅरिशांत ठेवल्याच नाहीत. दुसरी वाट आहे. अंत्ययात्रेत शवपेटीवर घालायचं कापड, मॉर्टक्लॉथ, पॅरिशकडून भाड्यानं घ्यावं लागे आणि ते पैसे चर्चच्या हिशेबात जमा होत. मुलांसाठी पुष्कळ ठिकाणी लहान मॉर्टक्लॉथ वेगळं असे, त्याचं भाडंही कमी. हिशेबात बहुधा मुलाचं नाव नसतं, 'अमक्याच्या मुलासाठी लहान मॉर्टक्लॉथ' एवढंच. या वह्या किर्क सेशनच्या, म्हणजे पॅरिशच्या चर्चसमितीच्या, कागदपत्रांत असतात. त्यांतल्या पुष्कळशा आता स्कॉटलंड्सपीपलवर आहेत, पण नावांची सूची नाही. पान उलटत वाचावं लागतं. तुमचा टप्पा लहान आहे, धाकट्या जीनच्या बाप्तिस्म्यापासून 1824 पर्यंत, म्हणून जमेल.

त्याआधी दोन्ही मार्गारेटच्या बाप्तिस्म्यांच्या मूळ पानांच्या प्रतिमा घ्या, नुसत्या सूचीवर थांबू नका. मूळ नोंदीत बरेचदा साक्षीदार लिहिलेले असतात, आणि ते पुष्कळदा आजोबा किंवा मामा-काका निघतात. तुमच्याकडे आजोबांची अक्षरं आहेत: ए एम आणि आर बी. साक्षीदारांत आर बी सापडला की घर ठरलं.

---

सुतावरून_स्वर्ग

जीनवाल्या मार्गारेटचं पान घेतलं. साक्षीदार दोन. पहिला रॉबर्ट, आडनाव आईचंच, बी वरून. दुसऱ्याचं नाव ए वरून आहे हे नक्की, आडनाव शाईच्या डागाखाली गेलं आहे, पण शेवटची तीन अक्षरं आमच्या एम वाल्या आडनावाशी जुळतात.

इझाबेलवालीचं पान उद्या घेते, म्हणजे शंका नको. मग किर्क सेशनच्या वह्या. कारकुनाचं अक्षर लागलं नाही तर फोटो इथेच टाकते, कुणीतरी वाचून द्या.

---

दुसुती

टाका टाका. आणि त्या नक्षीदार ए चा आलेखही द्या ना, घरं मोजून. मला भरायचा आहे.